कुठलं पाव्हणं?

कोल्हापूर जिल्ह्यात अनोळखी माणसाशी बोलणे सुरू करण्याची एक ठरलेली रीत आहे. एस.टी.च्या बाकावर, मिरजेच्या दवाखान्याबाहेरील कट्ट्यावर, कोल्हापूर–मिरज पॅसेंजरमध्ये शेजारी कोणी येऊन बसला, की पाच मिनिटांच्या आत प्रश्न येतो, ‘‘कुठलं पाव्हणं?’’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याला आधीच पाहुणा ठरवून मग त्याचे गाव विचारायचे, यात या मातीचा मोठेपणा आहे. शहरांतील माणसे तासभर शेजारी बसून एकमेकांकडे पाहतही नाहीत. त्यापेक्षा हे कितीतरी बरे.

धर्माच्या दृष्टीनेही या प्रश्नात वावगे काही नाही. सूरह मोमिनूनच्या आरंभी श्रद्धावंतांचे एक लक्षण असे सांगितले आहे, की ते व्यर्थ गोष्टींपासून दूर राहतात. त्यावरून काही परहेजगार मंडळी प्रवासातील गप्पांनाही व्यर्थ समजतात. परंतु सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीत, एका स्त्री-पुरुषापासून जन्मलेल्या मानवांची राष्ट्रे आणि कबिले का केले, याचे कारण परस्परांची ओळख व्हावी असेच दिले आहे. भिन्नता ओळखीसाठी आहे, म्हणजे ओळख करून घेणे हा त्या भिन्नतेचा हक्क झाला. आणि कोणता इस्लाम उत्तम, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन कामे सांगितली: लोकांना जेवू घालणे, आणि ओळखीच्या तसेच अनोळखी माणसाला सलाम करणे. बुखारी शरीफमधील ही हदीस पुढे पुन्हा उपयोगी पडेल. त्यातील जेवणाचा उल्लेख वाचकांनी ध्यानात ठेवावा.

तेव्हा नैतिक प्रश्न हा, की गाव विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ऐकल्यावर काय होते?

याचा विचार जयसिंगपुरात बसून करण्यात एक गंमत आहे. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी वसवले आणि त्याला आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. महाराजांचे निधन १९२२ साली झाले, त्याआधी काहीच वर्षे हे घडले. म्हणजे गावाचे वय शंभरीच्या थोडे पुढे. रेल्वेलगत एक व्यापारी पेठ उभी राहावी म्हणून सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, त्यांना नावांऐवजी क्रमांक. आजही पत्ता सांगताना आम्ही सातवी गल्ली, दहावी गल्ली असेच सांगतो. या गल्ल्यांत जे आले ते सगळे कोठून तरी आले. शिरोळ, उदगाव, सांगली, मिरज, चिकोडी, अथणी येथून आले; काही मारवाड आणि गुजरातेतून आले. मराठी बोलणारे आले, कानडी बोलणारे आले, आणि आमच्यासारखे घरात दखनी व दारात मराठी बोलणारेही आले. ज्या गावात कोणाच्याही पणजोबाचा पणजोबा जन्मलेला नाही, त्या गावात एकाने दुसऱ्याला ‘मूळचे कुठले?’ असे दरडावून विचारावे, हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण विचारले जाते.

उत्तर मिळाल्यावर चेहऱ्यावर जे उमटते ते पाहावे. पुणे म्हटले, की ओठांवर एक बारीक हसू येते. कोकण म्हटले, की चिकटपणाचा विनोद निघतो. बेळगावकडचे म्हटले, की ‘म्हणजे कानडीच की’ असे म्हणून वाक्य संपते. उत्तर भारतातला असेल तर त्याच्या गावाचे नावही विचारले जात नाही. ‘भय्या’ एवढे पुरते. आणि बीड किंवा परभणी म्हटले, की बोलणारा क्षणभर थांबतो, पुढचा प्रश्न विचारतो, ‘‘टोळीत आलायसा?’’ आणि त्यानंतर आवाजातील ‘पाव्हणं’ नाहीसे होते.

टोळी म्हणजे ऊसतोड कामगारांची टोळी. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ही कुटुंबे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. साखर कारखान्यांच्या हद्दीत, उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून ती मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. पहाटे अंधारात फडात उतरतात, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरतात. आमच्या शिरोळ तालुक्याची सुबत्ता उसावर उभी आहे, आणि तो ऊस तोडणारे बहुतांश हात बाहेरचे आहेत. दरवर्षी जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, दराची घोषणा होते, हजारो शेतकरी जमतात. ते योग्यच आहे, शेतकऱ्याला घामाचा दाम मिळालाच पाहिजे. पण त्याच उसाला कोयता लावणाऱ्याचे गाव ऐकून आपला स्वर बदलतो, याचा विचार फारसा होत नाही.

या प्रादेशिक अंतराला आपण अनादी काळापासूनचे समजतो. वस्तुतः ते अगदी अलीकडचे आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत शिरोळचा माणूस आणि चिकोडीचा माणूस एकाच राज्याचे रहिवासी होते, तर बीड हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेने बीडचा माणूस आमच्या राज्यात आला, चिकोडीचा पलीकडे गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. एका सरकारी अधिसूचनेने जो काल आपला होता तो परका झाला आणि परका होता तो आपला झाला. असे असूनही डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, तेव्हा इकडे कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले आणि तिकडे महाराष्ट्राच्या वाहनांवर दगड पडले. आत बसलेल्या प्रवाशांपैकी निम्म्यांच्या आत्या-मावश्या नदीच्या पलीकडच्या काठावर नांदत असतील. सीमाप्रश्नावर मराठी भाषकांची बाजू न्यायाची आहे, असे माझे मत आहे. पण न्यायाच्या बाजूने उभे राहण्यासाठी शेजारच्या बाकावरील म्हाताऱ्या कानडी बाईशी तुटक बोलावे लागत नाही.

आता प्रेषित (स.) यांच्या चरित्राकडे वळू. त्यांनीही अनोळखी माणसांना गाव विचारले आहे, आणि सीरतच्या ग्रंथांत ते प्रसंग जतन झाले आहेत.

ताइफचा दिवस. दगडांनी पाय रक्तबंबाळ झालेले, एका द्राक्षमळ्याच्या भिंतीचा आधार घेतलेला. मळ्याच्या मालकांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाहाती द्राक्षे पाठवली. प्रेषितांनी ‘बिस्मिल्लाह’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा अद्दास चकित झाला. या भागातील लोक असे काही म्हणत नाहीत, असे त्याने बोलून दाखवले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले, तू कोणत्या प्रदेशाचा? तो म्हणाला, निनव्याचा. कुरैशांच्या लेखी निनवा म्हणजे कोठेतरी दूरचे, परक्या भाषेचे, गुलाम जेथून विकत येतात असे ठिकाण. प्रेषितांनी मात्र निनवा ऐकताच विचारले, म्हणजे युनुस बिन मत्ता या सदाचारी पुरुषाच्या नगरीचा? एका गुलामाच्या गावाचे नाव घेऊन त्या गावातील सर्वांत थोर माणसाची आठवण त्यांनी काढली. अद्दासने वाकून त्यांच्या मस्तकाचे आणि हातांचे चुंबन घेतले.

आपण नेमके याच्या उलट करतो. गावाचे नाव ऐकताच त्या गावातील सर्वांत वाईट बातमी आपल्याला आठवते.

दुसरा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये स्वतः ह. अबू जर (रजि.) यांच्या तोंडून आला आहे. ते गिफार कबिल्याचे. गिफारची ख्याती चांगली नव्हती; यात्रेकरूंना लुटणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाई. सत्याच्या शोधात अबू जर मक्केत आले, मार खाल्ला, आणि तीस दिवस काबागृहाच्या आवारात केवळ जमजमच्या पाण्यावर राहिले. एका रात्री प्रेषित (स.) ह. अबू बक्र (रजि.) यांच्यासह तवाफला आले, तेव्हा अबू जर यांनी पुढे होऊन सलाम केला. प्रेषितांनी विचारले, तुम्ही कोण? उत्तर दिले, गिफारचा. तेव्हा प्रेषितांनी हात उचलून बोटे कपाळावर ठेवली. अबू जर सांगतात, की माझ्या मनात आले, मी गिफारचा असल्याचे यांना आवडले नाही.

या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. प्रेषितांनी कपाळाला हात का लावला, हे हदीसमध्ये सांगितलेले नाही. सांगितले आहे ते इतकेच, की ज्याच्या कबिल्याचे नाव बदनाम आहे त्या माणसाला त्या साध्या हालचालीत काय दिसले. बदनाम भागातून आलेला माणूस उत्तर दिल्यानंतर समोरच्याचा चेहरा वाचत असतो. भुवई हलली तरी त्याला कळते, आणि कधी कधी हलली नसतानाही तो ती हललेली पाहतो. त्याला तशी सवय लोकांनी लावलेली असते. ‘आम्ही तर काहीच बोललो नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे.

त्यानंतर प्रेषितांनी मान वर केली आणि दुसरा प्रश्न विचारला, तुम्ही येथे केव्हापासून आहात? अबू जर म्हणाले, तीस दिवस झाले. मग तिसरा प्रश्न, तुम्हाला जेवू कोण घालत होते? ते म्हणाले, जमजमशिवाय माझ्यापाशी अन्न नव्हते. तेव्हा ह. अबू बक्र (रजि.) यांनी परवानगी मागितली, आज रात्री यांना मी जेवू घालतो. त्यांनी घरी नेऊन ताइफचे मनुके पुढे ठेवले. मक्केत मी खाल्लेले ते पहिले अन्न, असे अबू जर यांनी नमूद केले आहे.

माझ्या मते या विषयाची कसोटी येथे आहे. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, आणि त्यावरून माणसाची पारख होत नाही. दुसऱ्या प्रश्नावरून होते. ‘कुठलं पाव्हणं?’ यानंतर कोल्हापुरी रीतीप्रमाणे ‘जेवलासा का?’ येते, की ‘टोळीत आलायसा?’ येते, हे पाहावे. पहिल्यात गाव कळल्यावर माणसाची चौकशी होते. दुसऱ्यात गाव कळल्यावर माणसाची चौकशी संपते. अब्दुल कैसचे शिष्टमंडळ मदीनेला आले, तेव्हाही प्रेषितांनी आधी विचारले, की तुम्ही कोणते लोक? रबीआ वंशाचे, असे कळताच त्यांचे स्वागत असे केले, की तुम्हाला येथे ना अपमान आहे ना पश्चात्ताप. जेथून आलात ते सांगितल्याबद्दल माणसाला पस्तावा होऊ नये, इतकी काळजी त्या स्वागतात आहे.

कोणी म्हणेल, मौलाना, एवढ्याशा बोलण्याचे तुम्ही फार मोठे करता. प्रवासातले दोन शब्द, गाडीतून उतरलो की विसरलो. ते विसरले जात नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. आमच्या परिसरातील एका मशिदीत दोन हिवाळ्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एकाचे नवे बूट नाहीसे झाले. ऊसतोडीला आलेला एक तरुण तीन-चार आठवडे तेथे नमाजला येत होता. पहिल्या दिवशी मागच्या सफेत कोणीतरी त्याला आपुलकीने गाव विचारले होते, त्याने बीडकडचा असल्याचे आणि कोणाच्या रानात कोपी आहे तेही सांगितले होते. गप्पा तेवढ्याच. पण बूट सापडेनात, तेव्हा पहिले वाक्य निघाले ते असे: ‘‘ते टोळीतलं पोरगं आलं होतं का आज?’’ दोघे जण मोटारसायकलवर कोपीपर्यंत जाऊन आले. तेथे काही मिळाले नाही. बूट आजतागायत सापडलेले नाहीत. तो तरुण पुन्हा त्या मशिदीत आला नाही.

त्या मंडळींपैकी कोणीही त्याला शिवी दिली नव्हती. त्याने दिलेले उत्तर फक्त मनात साठवून ठेवले होते, आणि वेळ येताच ते पुरावा म्हणून बाहेर आले. सूरह हुजुरातमध्ये पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची आज्ञा आहे, कारण काही संशय पाप असतात. आणि लगेच पाठोपाठ टेहळणीची मनाई आहे. संशयानंतर कोपीवर जाणे येते, हा क्रम कुरआननेच दाखवून ठेवला आहे. सूरह निसाच्या १०५ ते ११३ या आयतींच्या संदर्भात मुफस्सिरांनी जी घटना दिली आहे ती याहून कठोर आहे. मदीनेत चोरी झाली. चोरी करणारा मुसलमान कबिल्यातला होता, आणि अनेक रिवायतींनुसार आळ एका यहुद्यावर टाकण्यात आला. कबिल्याचे लोक आपल्या माणसाच्या बाजूने रदबदली करू लागले. आकाशातून आयती उतरल्या त्या परक्याच्या निर्दोषत्वासाठी. विश्वासघात करणाऱ्यांचे वकील होऊ नका, अशी ताकीद थेट प्रेषितांना उद्देशून आली. आपला-परका हा निकष न्यायात चालत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगायचे?

येथे मदरशात शिकलेला एखादा तालिबे-इल्म मला एक मुद्दा विचारेल. हनफी फिकहच्या ‘दुर्रे मुख्तार’मध्ये असे म्हटले आहे, की एखाद्या गावाच्या लोकांची निंदा केली तर ती गीबत ठरत नाही; कारण बोलणाऱ्याला सगळे गाव अभिप्रेत नसते, काही जण असतात, आणि ते कोण हे अज्ञात असते. मग ‘अमुक जिल्ह्याचे लोक असेच’ म्हणण्यात दोष काय? मसला अचूक आहे, पण त्यातील कारण वाचावे. सूट आहे ती लक्ष्य अज्ञात असल्यामुळे. ज्या क्षणी त्या गावचा माणूस तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो, त्या क्षणी लक्ष्य अज्ञात राहत नाही. तेव्हा ते बोलणे गीबतच्या प्रकरणातून निघून उपहासाच्या आणि टोमण्याच्या प्रकरणात जाते, आणि त्याची मनाई सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत आहे. शिवाय गीबत नाही म्हणजे पाप नाही, असा निष्कर्ष फुकहांनी कोठे काढलेला नाही. इब्ने माजामध्ये हदीस आहे, की एका माणसाशी वैर म्हणून त्याच्या संपूर्ण कबिल्याची निंदा करणारा हा लोकांतील सर्वांत मोठ्या कुभांडखोरांपैकी आहे. शब्द कुभांड असा आहे. कारण एकाबद्दलचे सत्यसुद्धा सर्वांना लावले, की ते असत्य होते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हदीसमध्येच प्रदेशांचे आणि कबिल्यांचे गुणदोष आले आहेत. यमनचे लोक कोमल अंतःकरणाचे, अशी प्रशंसा आहे. आणि उंटांच्या मागे आरडाओरड करीत फिरणाऱ्या रबीआ व मुजर यांच्यात हृदयाचा कठोरपणा आहे, असेही आहे. म्हणजे प्रदेशावरून स्वभाव ठरतो की काय? जरा पाहा. कठोरपणाच्या त्या हदीसमध्ये ज्या रबीआचे नाव आहे, त्याच रबीआच्या अब्दुल कैसचे स्वागत कसे झाले ते वर आले आहे. आणि मुजर? कुरैश हे मुजरचीच शाखा. खुद्द प्रेषित (स.) त्या वंशातले. ज्या कबिल्याचा दोष सांगितला, त्याच्यातच अल्लाहने अंतिम प्रेषित निर्माण केला. तेव्हा त्या वचनात बोट आहे ते एका राहणीकडे, जनावरांमागे भटकताना येणाऱ्या रासवटपणाकडे, रक्ताकडे नाही. अनुभवाने प्रदेशांच्या सवयी कळतात, हे मी नाकारत नाही. कृष्णाकाठचा माणूस मोठ्याने बोलतो आणि तिखट खातो, यात खोटे काय? पण सवयींचे ज्ञान पाहुणचारासाठी वापरायचे असते. समोरच्या माणसाचा निकाल लावण्यासाठी नाही.

आता आपल्या घराकडे. मुसलमानाला या गप्पांचा एक वेगळाच अनुभव असतो. दाढी-टोपी पाहून हिंदीत सुरू झालेले बोलणे आपण मराठीत उत्तर दिले की थबकते, आणि कौतुक होते, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ कौतुक करणारा बहुधा सज्जनच असतो. त्याला हे ठाऊक नसते, की श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ग्रंथ रचले. बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी आपला आवाज झिजवला. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या इमामाला तर हे कौतुक आठवड्यातून एकदा ऐकावे लागते. मग प्रश्न येतो, ‘‘पण मूळचे कुठले?’’ शिरोळ म्हटले तर, ‘‘नाही, त्याच्या आधी?’’ या ‘आधी’चा डंख कोणाही मुसलमान वाचकाला समजावून सांगायला नको.

परंतु डंख ठाऊक असलेला माणूस डंख मारत नाही, असे नाही. पुन्हा अबू जर यांच्याकडेच यावे लागते. गिफारचे म्हणून आपल्याला नाकारले जाईल, अशी भीती ज्यांनी मक्केत अनुभवली, त्याच अबू जर यांचा पुढे मदीनेत एका माणसाशी वाद झाला आणि त्यांनी त्याला त्याच्या आईवरून टोमणा दिला. त्याची आई अरब नव्हती. तो माणूस म्हणजे ह. बिलाल (रजि.), असे भाष्यकार सांगतात. प्रेषित (स.) यांनी अबू जर यांना सुनावले, की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे, आणि मग हाताखालच्या माणसांबद्दल सांगितले, की ते तुमचे भाऊ आहेत, जे स्वतः खाल ते त्यांना खाऊ घाला, जे स्वतः नेसाल ते त्यांना नेसवा. पुन्हा जेवण. पुढे कोणी अबू जर यांना रबजा येथे भेटला, तर त्यांच्या आणि त्यांच्या गुलामाच्या अंगावर सारखेच वस्त्र होते. ही हदीस त्याने त्या वस्त्राबद्दल विचारल्यामुळेच आपल्यापर्यंत आली.

आपल्या मशिदींत काय ऐकू येते? बिहारहून आलेल्या इमामाच्या उच्चारांची नक्कल चहाच्या टपरीवर होते. आणि त्याच्या मागे पाच वेळा हात बांधून उभे राहणारेच ती करतात. कोकणी मुसलमान देशावरच्यांना रांगडे म्हणतात, देशावरचे त्यांना गर्विष्ठ म्हणतात. सोयरिकीच्या वेळी तर मुलाच्या दीनदारीची चौकशी नंतर, ‘तिकडचा’ आहे का याची आधी. कोणी किफायतचा, म्हणजे जोड जुळण्याचा, आधार देतो. हनफी ग्रंथांत किफायतची प्रकरणे आहेत खरी. पण अरबेतर समाजांत तेथे वंशाचाही विचार धरलेला नाही, जिल्ह्याची तर गोष्टच नको. बीड, बिहार किंवा बेळगाव हे शब्द हिदायाच्या कोणत्या पानावर आहेत, ते मला अजून कोणी दाखवलेले नाही.

बनू मुस्तलिकच्या मोहिमेत पाण्यावरून एक मुहाजिर आणि एक अन्सारी भांडले. एकाने अन्सारांना हाक दिली, दुसऱ्याने मुहाजिरांना. मुहाजिर आणि अन्सार ही कुरआनने गौरवलेली नावे. त्यांत निंद्य काही नाही. तरीही त्या हाकेबद्दल प्रेषित (स.) म्हणाले, की हे सोडा, याला दुर्गंधी येते. चांगले नावसुद्धा एकाला दुसऱ्यावर चढवण्यासाठी उच्चारले, की नासते. कोल्हापूर हे चांगले नाव आहे, मराठी हेही.

शेवटी एक मसला, जो मला प्रत्यक्ष विचारला गेला. एक तरुण आहे. आई-वडील ऊसतोडीला यायचे. तो येथेच एका दुकानात लागला, लग्न झाले, मुले येथील शाळेत जातात, म्हातारी माणसेही त्याने येथेच आणली. खोली भाड्याने मिळवताना दोनदा नकार मिळाल्यापासून तो कोणी विचारले की सांगलीजवळच्या एका खेड्याचे नाव सांगतो. त्याने मला विचारले, ‘‘मौलाना, हे खोटं बोलणं होतं का? मला गुनाह लागतो का?’’

मी त्याला सांगितले, की ज्या खेड्याशी तुझा संबंध नाही त्याचे नाव घेणे खोटेच आहे, ते सोड. पण तुला त्याची गरजही नाही. फिकहमध्ये वतने-असली, म्हणजे माणसाचे मूळ गाव, याची व्याख्या आहे. जन्मगाव सोडून माणूस दुसरीकडे कुटुंबासह कायम राहण्यास गेला, की ते दुसरे गाव त्याचे मूळ गाव होते, आणि पहिले तसे राहत नाही. हिदायामध्ये याचा दाखला हिजरतचा दिला आहे: मदीनेला स्थायिक झाल्यानंतर प्रेषित (स.) मक्केत गेले, जेथे जन्मले आणि त्रेपन्न वर्षे राहिले त्या मक्केत, तेव्हा त्यांनी स्वतःला प्रवासी गणले आणि नमाज कसर केली. म्हणून ‘मूळचा कुठला?’ असे कोणी विचारले, तर तू जयसिंगपूरचा, हे शरीअतच्या हिशेबाने खरे उत्तर आहे. ‘त्याच्या आधी?’ असे विचारले, आणि विचारणाऱ्याने जेवलास का हे विचारलेले नसेल, तर तुझ्यावर उत्तर बंधनकारक नाही.

गेल्या ईदनंतर तो चुलत्यांना भेटायला चार दिवस बीडकडे गेला होता. तेथून त्याचा फोन आला. घरात एकटाच नमाजला उभा राहतो आहे, जुहरच्या फर्ज रकअती येथे दोन पढू की चार?

दोन, मी म्हणालो.